एचआयव्ही लपवून निकाह केला तर गुन्हा होतो का? कायदा काय सांगतो, काय सांगत नाही

“आपा, त्याला माहीत होतं. तरीही त्यानं माझ्या पोरीशी निकाह केला. हा गुन्हा नाही का?”

एका माजी विद्यार्थिनीच्या आईने हा प्रश्न मला विचारला. मुलगी गरोदर. सरकारी दवाखान्यात नेहमीच्या रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला. सासरचे म्हणू लागले, हीच घेऊन आली. पुढे कळलं की आखातात जाण्यापूर्वीच्या मेडिकलमध्ये नवऱ्याला निकाहाआधीच ‘अनफिट’ ठरवलं होतं आणि कारणही सांगितलं होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

असे प्रश्न आपल्या घरांत कुजबुजत विचारले जातात आणि उत्तरंही ऐकीव मिळतात. कुणी म्हणतं, जन्मठेप होते. कुणी म्हणतं, काहीच होत नाही. दोन्ही चूक. भारतातला कायदा या बाबतीत नेमका काय आहे, तो कुणाला लागतो, कुणाला लागत नाही आणि अशा घरानं पहिलं पाऊल कोणतं टाकावं, याची माहिती इथे एकत्र देत आहे. ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

एचआयव्ही असणं हा गुन्हा नाही. एचआयव्ही असलेल्या माणसानं लग्न करणं हाही गुन्हा नाही. कायद्याचा प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा माणसाला आपल्या संसर्गाची माहिती असते, तो कसा पसरतो हेही माहीत असतं, आणि तरी तो खबरदारी न घेता, जोडीदाराला अंधारात ठेवून शरीरसंबंध ठेवतो. माहिती, हयगय आणि हेतू या तीन शब्दांवर सगळा कायदा उभा आहे.

ज्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्याच्यावर हा आरोप टिकत नाही. आपल्याकडे बऱ्याचदा बायकोचा रिपोर्ट आधी येतो, कारण गरोदरपणात तिची तपासणी होते. आधी रिपोर्ट आला म्हणजे आधी संसर्ग झाला, असा अर्थ होत नाही. सासरच्यांनी हे समजून घेतलं तर निम्मी भांडणं तिथेच थांबतील.

फौजदारी कायद्यातली दोन कलमं

एचआयव्ही पसरवणं या नावाचा वेगळा गुन्हा भारताच्या दंडविधानात नाही. जिवाला धोका असलेल्या रोगाबद्दलची दोन जुनी कलमं इथे लावली जातात. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती कलम २६९ आणि २७० होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हीच कलमं २७१ आणि २७२ या क्रमांकांनी आली आहेत. त्या तारखेआधी घडलेल्या कृत्याला जुनी संहिता लागते, नंतरच्या कृत्याला नवी.

कलम २७१ : जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, बेकायदा किंवा हयगयीनं केलेली कृती. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

कलम २७२ : हीच कृती दुष्ट हेतूनं केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिस स्वतः गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. दोन्ही जामीनपात्र आहेत. खटला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर चालतो.

यातला एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. समोरच्याला प्रत्यक्ष संसर्ग झालाच पाहिजे, असं ही कलमं म्हणत नाहीत. संसर्ग पसरण्याचा ‘संभव’ असणं पुरेसं आहे. म्हणजे बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तक्रार होऊ शकते. पण याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. जो नियमित औषध घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी झाला आहे, त्याच्या बाबतीत ‘संभव’ होता का, हा प्रश्न बचाव पक्ष विचारणारच. त्याबद्दल पुढे बोलू.

ही कलमं आपल्याला आठवतात

२६९ आणि २७० हे आकडे आपल्या समाजाला नवे नाहीत. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तबलीगी जमाअतच्या लोकांवर महाराष्ट्रात जे गुन्हे दाखल झाले, त्यांत ही कलमंही होती. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अहमदनगर जिल्ह्यातल्या प्रकरणातील २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेलं, असं न्यायालयानं निकालात नमूद केलं.

हे सांगण्याचं कारण आहे. रोगाच्या भीतीपोटी एखाद्याला गुन्हेगार ठरवलं की काय होतं, हे आपण स्वतः भोगलं आहे. म्हणून एचआयव्ही असलेल्या माणसाकडे बोट दाखवताना आपण जास्त जबाबदारीनं वागायला हवं. पुरावा नसताना ‘यानेच पसरवला’ म्हणणं तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे.

२०१७ चा एचआयव्ही कायदा

या विषयातला आज सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७. तो १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू झाला. हा मुख्यतः रुग्णांच्या हक्कांचा कायदा आहे, पण त्यात जबाबदारीही सांगितली आहे.

कलम १० म्हणतं की, ज्याला एचआयव्ही आहे आणि ज्याचं समुपदेशन झालं आहे किंवा ज्याला हा आजार कसा पसरतो हे माहीत आहे, त्यानं दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून सर्व वाजवी खबरदारी घ्यावी. धोका कमी करणारे उपाय करणं किंवा शरीरसंबंधाआधी आपली स्थिती जोडीदाराला सांगणं, हे या खबरदारीत येऊ शकतं. सुईतून नशा करणाऱ्यांनी सुई दुसऱ्यासोबत वापरण्यापूर्वी सांगणं, हेही त्यात आहे.

या कलमात स्त्रियांसाठी एक अपवाद आहे. सांगितल्यामुळे मारहाण होईल, घरातून हाकलतील किंवा तिच्या शरीराला, मनाला गंभीर इजा होईल, अशी वाजवी भीती असेल तर शरीरसंबंधाबाबतची ही जबाबदारी तिच्यावर टाकलेली नाही. कायदा करणाऱ्यांना आपल्याकडची घरं ठाऊक होती, असं म्हणायला हरकत नाही.

कलम १० मोडल्याबद्दल याच कायद्यात वेगळी शिक्षा दिलेली नाही. शिक्षेसाठी वर सांगितलेल्या २७१, २७२ कलमांकडेच जावं लागतं.

डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतात का?

सांगू शकतात, पण ठरलेल्या पायऱ्यांनीच. कलम ९ नुसार हा अधिकार फक्त डॉक्टर आणि समुपदेशक यांना आहे. नर्स, लॅबवाला, रिसेप्शनवरची व्यक्ती यांना नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना आधी या गोष्टींची खात्री करावी लागते :

- जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे.
- रुग्णाला ‘तुम्ही स्वतः सांगा’ असं समुपदेशन झालं आहे.
- रुग्ण सांगणार नाही, अशी त्यांची खात्री झाली आहे.
- ‘आता आम्ही सांगणार आहोत’ हे रुग्णाला कळवलं आहे.

त्यानंतरही जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करूनच सांगायचं असतं. फोनवर किंवा चिठ्ठी पाठवून नाही. स्त्री रुग्णाला हिंसेची वाजवी भीती असेल तर सांगू नये, असंही कलम म्हणतं. सद्भावनेनं सांगितलं किंवा सांगितलं नाही, तरी डॉक्टरांवर त्याबद्दल खटला होत नाही.

न्यायालयांनी काय म्हटलं?

हा कायदा येण्याआधी आणि नंतरही न्यायालयांची भूमिका बदलत गेली. चार प्रकरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

गोवा, १९८९. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळं डांबून ठेवण्याची तरतूद होती. पोलिसांकरवी त्याला उचललं गेलं आणि एका जुन्या क्षयरोग इस्पितळात दोन महिन्यांवर काळ कोंडून ठेवलं. त्याच्या आईनं, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्या वेळी न्यायालयानं ती तरतूद वैध ठरवली. आज २०१७ चा कायदा एचआयव्हीग्रस्त माणसाला असं वेगळं कोंडायला मनाई करतो. मध्ये जवळजवळ तीन दशकं गेली.

मुंबई, १९९७. एका सार्वजनिक कंपनीत रोजंदारीवर असलेल्या कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून कायम नोकरी नाकारली होती. मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की, काम करायला सक्षम असलेल्या आणि इतरांना कामाच्या जागी धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येत नाही. हा खटला नाव गुप्त ठेवून, ‘एमएक्स’ या खुणेनं चालला.

सर्वोच्च न्यायालय, १९९८. नागालँडच्या एका डॉक्टरानं चेन्नईच्या इस्पितळात एका रुग्णासाठी रक्त दिलं. एचआयव्ही निघाला. ती गोष्ट बाहेर पडली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यानं इस्पितळावर गुप्तता मोडल्याचा दावा केला. हा खटला ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ म्हणून ओळखला जातो. न्यायालयानं दावा फेटाळला. होणाऱ्या बायकोच्या जिवाचा हक्क मोठा आहे, असं म्हटलं. माहीत असून लग्न करणाऱ्याला २६९, २७० ही कलमं लागतात, असंही म्हटलं. शिवाय अशा माणसाचा लग्नाचा हक्क बरा होईपर्यंत स्थगित राहतो, असं विधान केलं. त्यावर देशभर टीका झाली, कारण याचा अर्थ होणारा जोडीदार सगळं जाणून तयार असला तरी लग्न नाही असा निघत होता. १० डिसेंबर २००२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की, लग्नाच्या हक्काबद्दलची ती विधानं त्या खटल्यात करण्याची गरजच नव्हती. म्हणजे लग्नावर बंदी नाही.

दिल्ली उच्च न्यायालय, २०२०. एचआयव्ही असलेल्या एका माणसाला सावत्र मुलीवरच्या बलात्काराबद्दल शिक्षा झाली होती. खालच्या न्यायालयानं त्याला त्याखेरीज खुनाच्या प्रयत्नाबद्दलही दोषी धरलं होतं. उच्च न्यायालयानं बलात्काराची शिक्षा कायम ठेवली, पण खुनाच्या प्रयत्नाचा आरोप रद्द केला. खालच्या न्यायालयाचा तर्क मान्य केला तर, जोडीदार सगळं जाणून राजी असली तरी, एचआयव्ही असलेल्या प्रत्येक माणसाचा शरीरसंबंध खुनाचा प्रयत्न ठरेल, हे त्यामागचं एक कारण होतं. ‘एचआयव्ही दिला म्हणजे खून केला’ असं जे सर्रास बोललं जातं, ते कायद्यात असं सरळ बसत नाही.

विज्ञान बदललं, हे का महत्त्वाचं?

१९८९ मध्ये एचआयव्ही म्हणजे मृत्यू असंच समजलं जायचं. आज तसं नाही. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं एआरटी ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. रोज गोळी घेणारा माणूस इतरांसारखं लांब आयुष्य जगू शकतो.

त्याहून मोठी गोष्ट ही की, औषधानं संसर्ग थांबतो. एचपीटीएन ०५२ या नऊ देशांतल्या अभ्यासात १,७६३ जोडपी होती आणि त्यात आपल्या पुण्याचंही केंद्र होतं. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. लवकर औषध सुरू केल्यानं जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला, असं २०११ मध्ये जाहीर झालं. पुढे युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात, ज्यांच्या रक्तात विषाणू तपासणीत दिसत नव्हता, त्यांच्याकडून जोडीदाराला एकदाही संसर्ग झाल्याचं आढळलं नाही. आज जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

एचआयव्ही एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एकाच वझूखान्यात वझू केल्यानं, डास चावल्यानं पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, बाधित सुई आणि आईकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग आहेत. उपचार नसेल तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. नीट उपचार झाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं.

म्हणून रिपोर्ट लपवणाऱ्याचा सगळ्यात मोठा गुन्हा कोणता, असं मला विचाराल तर मी म्हणेन, त्यानं बायकोचा उपचाराचा वेळ खाल्ला. शिक्षा सहा महिन्यांची की दोन वर्षांची, हे नंतरचं.

दीनच्या नजरेतून

इथे फतवा द्यायचा नाही, तो माझा अधिकारही नाही. पण आपल्या घरांत हा प्रश्न दीनशिवाय पूर्ण होत नाही. स्वतःचं नुकसान करून घेऊ नये आणि दुसऱ्याचंही करू नये, हे फिक्हचं मूलभूत तत्त्व आहे. निकाह हा करार आहे आणि करारात मोठा दोष लपवणं हा धोका आहे, हे आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

१९९५ मध्ये अबुधाबी इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या नवव्या अधिवेशनात एड्सवर ठराव झाला. रोजच्या वावरातून हा आजार पसरत नसल्यानं रुग्णाला समाजापासून वेगळं काढण्याची गरज नाही, असं त्यात म्हटलं. जाणूनबुजून दुसऱ्याला संसर्ग देणं मात्र हराम आणि मोठा गुनाह ठरवलं. निरोगी जोडीदाराला विभक्त होण्याची मागणी करता येते, हेही मान्य केलं.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. रुग्णाला धुत्कारू नका आणि रुग्णानं धोका देऊ नये. आपण बहुतेक वेळा यातली एकच गोष्ट ऐकतो. कुणाचा रिपोर्ट कळला तर ती अमानत आहे. ती मोहल्ल्यात वाटत फिरणं म्हणजे गीबत, आणि त्यापलीकडे जाऊन कायद्याचा भंगही होऊ शकतो.

बायकोचे इतर हक्क

फौजदारी तक्रार हा एकच रस्ता नाही. बहुतेक स्त्रियांना नवऱ्याच्या कैदेपेक्षा राहायला छप्पर, औषध आणि मुलांचा खर्च यांची जास्त गरज असते.

घर : एचआयव्ही कायद्याच्या कलम २९ नुसार बाधित व्यक्तीला राहत्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. तिला बाहेर काढता येत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालीही निवासाचा आणि संरक्षणाचा आदेश मिळतो.

पोटगी : कलम ३५ नुसार पोटगी ठरवताना न्यायालयानं उपचाराचा आणि एचआयव्हीसंबंधी इतर खर्च विचारात घ्यायचा आहे.

विभक्त होणं : मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम, १९३९ नुसार नवऱ्याला तीव्र स्वरूपाचा गुप्तरोग असणं हे बायकोला निकाह मोडून मागण्याचं एक कारण आहे. क्रूरता हेही कारण आहे. कायद्यात एचआयव्हीचं नाव नाही, त्यामुळे वकील सहसा दोन्ही कारणं मांडतात. खुलाचा मार्ग वेगळा आहेच.

एकतर्फी तलाक : बायकोचा रिपोर्ट पाहून रागाच्या भरात एका दमात तीन तलाक देणं २०१९ च्या कायद्यानं निरर्थक तर आहेच, शिवाय तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

भेदभाव : नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, कब्रस्तान यांपैकी कुठेही एचआयव्हीमुळे अन्याय्य वागणूक देण्यास कलम ३ मनाई करतं. बाधित व्यक्तीसोबत राहणाऱ्या घरच्यांनाही हे संरक्षण आहे.

बदनामी : एचआयव्हीग्रस्त माणसाबद्दल द्वेष पसरवणारा किंवा त्याला हिंसेच्या तोंडी देणारा मजकूर पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचा फोटो ‘सावध राहा’ म्हणून टाकणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. आपण पीडित आहोत म्हणून हा नियम आपल्याला लागत नाही, असं नाही.

तक्रार करायची असेल तर

तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येते. मुदत लक्षात ठेवा. सहा महिने शिक्षेच्या कलमासाठी एक वर्षाची आणि दोन वर्षं शिक्षेच्या कलमासाठी तीन वर्षांची मुदत असते. गुन्हा माहीतच नव्हता तर तो कळला त्या दिवसापासून मुदत मोजली जाते.

सगळ्यात अवघड भाग पुराव्याचा. त्याला आधीपासून माहीत होतं, हे सिद्ध करावं लागतं. जुना तपासणी अहवाल, एआरटी केंद्रातली नोंद, त्यानं स्वतः पाठवलेला मेसेज, असे पुरावे लागतात. दवाखाना रुग्णाची माहिती बायकोच्या हाती नुसती मागून देणार नाही. ती न्यायालयाच्या आदेशानं मागवता येते. कागद चोरण्याच्या किंवा लॅबवाल्याला पैसे देऊन मिळवण्याच्या फंदात पडू नका. संसर्ग कुणाकडून कुणाला झाला, हे फक्त रक्ततपासणीवरून ठरत नाही, हेही लक्षात घ्या.

नाव उघड होण्याची भीती असेल तर कलम ३४ नुसार खटला टोपणनावानं आणि बंद दालनात चालवण्याची विनंती करता येते. खटल्यातून कळलेली माहिती बाहेर फोडणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक १५१००.

रिश्ता ठरवताना

लग्नाआधी एचआयव्ही तपासणी कायद्यानं सक्तीची नाही. संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही, मग मागणारा सासरा असो की जमाअत. पण दोन्ही घरांनी मिळून, मुलानं आणि मुलीनं दोघांनी, राजीखुशीनं तपासणी करून घ्यायला काहीच हरकत नाही. एकाच बाजूकडून मागणं अपमानाचं वाटतं. दोघांनी केली की ती एक साधी रक्ततपासणी होते. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत होते आणि रिपोर्ट ज्याचा त्यालाच दिला जातो.

आखातात नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या मेडिकलमध्ये एचआयव्हीची तपासणी असते. कोकणातल्या किती घरांतले तरुण या तपासणीतून जातात, ते सांगायला नको. ‘अनफिट’ म्हणून परत आलेला मुलगा घरात तोंड लपवून बसतो आणि घरचे त्याचं लग्न लावून देऊन ‘सुधारायला’ बघतात. असं करू नका. आधी त्याला कारण विचारा. कारण एचआयव्ही असेल तर एआरटी केंद्रात घेऊन जा. आणि रिश्ता ठरवायचाच असेल तर समोरच्या मुलीला स्वतः समुपदेशकासमोर बसवून सांगा. फक्त तिच्या अब्बांना सांगून चालणार नाही. संमती तिची लागते. सगळं जाणून राजी झालेली जोडपी आज उपचार घेऊन संसार करत आहेत आणि त्यांची मुलं निगेटिव्ह आहेत.

आणि त्या आईला काय सांगितलं?

तिला मी म्हटलं, हो, त्याला माहीत होतं हे सिद्ध झालं तर हा गुन्हा आहे. कलमानुसार सहा महिन्यांपर्यंत किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तक्रारीला मुदत आहे, पोटातल्या बाळाला नाही. आज एआरटी केंद्रात जा, गोळ्या सुरू करा, बाळंतपण दवाखान्यातच करा, बाळाची तपासणी सांगतील त्या त्या वेळी करून घ्या. वकिलाला याच आठवड्यात भेटा, म्हणजे कागद जागेवर राहतील. आणि मुलीला एक गोष्ट रोज सांगत जा, की तिनं काही गुनाह केलेला नाही.

एड्सविषयी मोफत माहिती आणि जवळच्या केंद्राचा पत्ता राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ वर मराठीतही मिळतो. नाव सांगावं लागत नाही. नुकताच असुरक्षित संपर्क झाला असेल तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात पोहोचा. संसर्ग टाळणारी औषधं तेवढ्याच वेळेत सुरू करता येतात.

ज्या भावाला आपला रिपोर्ट माहीत आहे आणि जो अजून गप्प आहे, त्यालाही एवढंच सांगणं आहे. आज सांगितलंस तर तुझ्यापुढे डॉक्टर आणि समुपदेशक असतील. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर पोलिस आणि न्यायाधीश असतील. आणि त्यानंतरचा हिशेब कुणापुढे द्यायचा आहे, हे तुलाही ठाऊक आहे.